स्मार्ट वजनकाटा: वजन मोजतो, बाकी अंदाज बांधतो

ब्लूटूथवाला, अ‍ॅपवाला, काचेचा वजनकाटा बरेच महिने वापरून झालाय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. बॉक्सवर मोठ्ठ्या अक्षरात छापलंय की हा शरीराची डझनभर मापं घेतो, म्हणजे वजन, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन), फॅटची टक्केवारी, मसल, पाणी, हाडांचं वजन, पोटातली चरबी, प्रोटीन, बीएमआर (नुसतं पडून राहिलं तरी शरीर जाळतं त्या कॅलरी) आणि वरून 'मेटाबॉलिक एज', म्हणजे त्यावरून ठरवलेलं शरीराचं वय. खरं म्हणजे हा काटा दोनच गोष्टी मोजतो. एक तुमचं वजन आणि दुसरं तुमच्या पायांतून जाणाऱ्या विजेला होणारा अडथळा. बाकी सगळे आकडे या दोन मापांवरून आणि तुम्ही अ‍ॅपमध्ये भरलेल्या वय, उंची, लिंग यावरून गणित करून काढलेले असतात. गणित करण्यात वाईट काहीच नाही, पण ते 'मोजलं' म्हणून विकणं मला पटत नाही, आणि या रिव्ह्यूत माझी मुख्य तक्रार तीच आहे.

आधी कौतुक, कारण वजनाचं काम हा खरंच छान करतो. काट्याच्या चार कोपऱ्यांत चार लोड सेल, म्हणजे भार ओळखणारे सेन्सर असतात, त्यावर पातळ धातूची पट्टी चिकटवलेली असते तिला स्ट्रेन गेज म्हणतात. तुम्ही उभे राहिलात की खालचं स्टील डोळ्याला दिसणारही नाही इतकं वाकतं, त्यासोबत पट्टी ताणली जाते, लांब आणि बारीक होते आणि तिचा विद्युत रोध किंचित वाढतो. तार ताणली की तिचा रोध बदलतो हे विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढे ज्याला लॉर्ड केल्विन म्हणायला लागले त्याने, १८५६ मध्ये दाखवलं होतं, आणि पट्टी चिकटवून ताण मोजायची पद्धत १९३८ च्या सुमाराला आली. बदल इतका बारीक असतो की तो पकडायला व्हीटस्टोन ब्रिज, म्हणजे रोधातला बारीक फरक दाखवणारं सर्किट लागतं, शाळेत प्रॅक्टिकलला केलेला तोच. इतकं सगळं पायाखाली ठेवायच्या एका पातळ काचेत बसतं आणि दोन-तीन सेकंदांत उत्तर देतं, हे मला अजूनही भारी वाटतं.

वापरताना एवढंच बघायचं की काटा कडक, सपाट फरशीवर हवा. गालिच्यावर ठेवला तर काट्याचे पाय रुततात आणि आकडा चुकतो. जागा बदलली की एकदा पाय टेकवून सोडायचा, शून्य येऊ द्यायचं, मग उभं राहायचं. अजून एक गंमत म्हणजे काटा वस्तुमान मोजत नाही, बल मोजतो आणि ते किलोत बदलून दाखवतो. गुरुत्वाकर्षण विषुववृत्तापेक्षा ध्रुवावर साधारण अर्ध्या टक्क्याने जास्त, म्हणजे विषुववृत्तावर सेट केलेला काटा उचलून ध्रुवावर नेला तर ७० किलोचा माणूस तिथे साडेतीनशे-एक ग्रॅमने जड दिसेल. रोजच्या वापरात याने काही फरक पडत नाही, पण स्क्रीनवर दशांश चिन्हानंतर दोन आकडे दिसले म्हणून मापही तेवढं अचूक असेल असं धरून चालू नका.

आता एक गोष्ट जी मला अजिबात आवडली नाही. लागोपाठ दोनदा उभं राहिलं की हुबेहूब तोच आकडा येतो, आणि आपल्याला वाटतं वा, काय पक्का काटा आहे. पण बरेच डिजिटल काटे मागचा आकडा लक्षात ठेवतात आणि नवीन माप त्याच्या जवळपास असेल तर जुनाच आकडा परत दाखवतात. हे तपासायला पाण्याची बाटली पुरते. वजन करा, उतरा, अर्धा लिटर पाणी भरलेली बाटली हातात घेऊन परत चढा. अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्धा किलो, बाटलीचं वेगळं, म्हणजे आकडा तेवढा वाढायलाच पाहिजे. माझ्याकडचा काटा हललाच नाही. मग मध्ये एक जड बॅग ठेवून त्याची आठवण पुसली आणि बाटली घेऊन परत चढले, तर बरोब्बर वाढलेलं वजन आलं. म्हणजे सेन्सरला फरक कळत होता, सॉफ्टवेअर तो दाबत होतं. का, तर ग्राहकाला काटा स्थिर वाटावा म्हणून. शंभर ग्रॅम इकडेतिकडे झाले तर लोक तक्रार करतात, परत पाठवतात, हे मी समजू शकते, पण त्यावरचा उपाय म्हणजे 'एवढा फरक होऊ शकतो' असं मॅन्युअलमध्ये लिहिणं, आकडा गोठवणं नव्हे. मोजायच्या यंत्राने मोजलेलं दाखवावं, एवढी साधी अपेक्षा आहे.

फॅटच्या आकड्याचं बघू. काचेवर जे चकचकीत धातूचे पट्टे असतात त्यातून अगदी बारीक करंट, एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी, एका पायातून वर जातो आणि दुसऱ्यातून खाली येतो. स्नायूत पाणी आणि क्षार भरपूर, त्यामुळे तिथून वीज सहज जाते, चरबीत पाणी कमी म्हणून तिथे अडते. याला बायोइम्पीडन्स म्हणतात, तत्त्व पक्कं आहे, दवाखान्यांत आणि संशोधनातही वापरतात. अडचण ही की करंट सगळ्यात सोप्या वाटेने जातो, एका पायातून वर, ओटीपोटातून वळून दुसऱ्या पायात. छाती, दंड, पोटाचा वरचा भाग यांची त्याच्याशी गाठच पडत नाही. आणि तरी स्क्रीनवर अख्ख्या शरीराची फॅट टक्केवारी येते, पोटातल्या चरबीचा वेगळा ग्रेड येतो आणि हाडांचं वजनही येतं. हाडांचं वजन तर या पद्धतीत थेट मोजताच येत नाही, चरबी सोडून जे वजन उरतं त्याच्याशी सरासरी माणसाच्या हाडांचं जे नातं असतं त्यावरून तो आकडा टाकलेला असतो. ज्यांना हाडं ठिसूळ होण्याचा त्रास आहे अशा कुणी तो आकडा बघून निर्धास्त राहिलं तर? ही साधी चूक नाही, याने नुकसान होऊ शकतं.

स्वतः पडताळायचं असेल तर अ‍ॅपमध्ये दुसरं प्रोफाइल काढा, उंची तुमचीच ठेवा, वय वीस वर्षांनी वाढवा आणि लगेच परत उभे राहा. शरीर तेच, वजन तेच, पायांतला अडथळा तोच, पण माझ्याकडे फॅटचा आकडा वेगळा आला. 'अ‍ॅथलीट मोड' नावाचं बटण असेल तर ते दाबून बघा, एका सेकंदात बरीच चरबी गायब होते! खेळाडूंच्या शरीराची घडण वेगळी असते म्हणून वेगळं सूत्र लागतं हे योग्यच आहे, पण मी खेळाडू आहे की नाही हे काट्याला माझ्या शरीरावरून कळत नाही, मी सांगितलं म्हणून कळतं, आणि उत्तराचा मोठा भाग माझ्या सांगण्यावर उभा आहे.

दिवसभरातली हालचाल तर याहून मजेशीर. रात्रभर आडवं झोपल्यावर पायांतलं पाणी अंगभर पसरतं, सकाळी अडथळा जास्त दिसतो म्हणून फॅट जास्त. दिवसभर उभं राहून, चालून पायांत पाणी उतरतं, अडथळा कमी, संध्याकाळी फॅट कमी. व्यायाम करून कातडी गरम असताना उभे राहिलात तर अजून कमी. पोटभर पाणी पिऊन लगेच उभे राहिलात तर वजन वाढतं पण पायांतला अडथळा तसाच राहतो, मग गणित त्या पाण्याला चरबी समजतं. तळपायाची कातडी जाड असेल, भेगा असतील तरी गडबड. म्हणून बघायचंच असेल तर रोज एकाच वेळी, उठल्यावर, बाथरूमला जाऊन आल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आधी बघा, आणि एकटा आकडा न बघता महिन्याचा कल बघा. मोठ्या गटाची सरासरी काढली तर अशा काट्यांचे आकडे डेक्सा स्कॅनच्या (क्ष-किरणांनी चरबी आणि हाडं मोजणारी दवाखान्यातली तपासणी) बऱ्यापैकी जवळ जातात, पण एकट्या माणसाच्या बाबतीत काही टक्क्यांचा फरक सहज पडतो. अ‍ॅप मात्र 'आज तुमची चरबी ०.३ टक्क्यांनी वाढली' असं लाल बाणासकट सांगतं, जणू काही ते खरंच घडलंय.

हा लाल बाण मला खूप खटकतो. माणसाचं वजन एका दिवसात एक-दोन किलोने वरखाली होणं नॉर्मल आहे. खारट खाल्लं की शरीर पाणी धरून ठेवतं. कार्बोहायड्रेट जे ग्लायकोजेन म्हणून साठतात ते प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी सोबत ठेवतात, म्हणून डाएटच्या पहिल्या आठवड्यात जे झपाट्याने उतरतं ते बहुतेक पाणीच असतं, आणि परत जेवायला लागलं की झपाट्याने परत येतं. खरी चरबी जाते ती बहुतांश श्वासातून. २०१४ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात याचा हिशोब छापून आला होता, १० किलो चरबी पूर्ण जळली की ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडते आणि १.६ किलोचं पाणी होतं. हे सगळं हळूहळू होतं, एका रात्रीत नाही. खाण्यावरून आधीच मनात भीती धरून बसलेल्या माणसाला रोज सकाळी लाल बाण दाखवणं हा क्रूरपणा आहे, आणि तो बंद करायची सोय सेटिंगमध्ये इतकी खोल पुरून ठेवली आहे की मुद्दाम लपवलीय असंच वाटतं. सात दिवसांची सरासरी दाखवणं तर किती सोपं आहे, तेच पहिल्या स्क्रीनवर का नाही?

बरं, अ‍ॅप म्हटलं की अकाउंट आलंच. ईमेल, जन्मतारीख, उंची, लिंग, आणि अँड्रॉइडवर लोकेशनसुद्धा. लोकेशनचं एक तांत्रिक कारण होतं, जुन्या अँड्रॉइडमध्ये ब्लूटूथ स्कॅन करायला ती परमिशन लागायचीच, पण अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी वेगळी परमिशन आहे, त्यामुळे नवीन फोनवरही अ‍ॅप लोकेशन मागत असेल तर का मागतंय हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. अकाउंटशिवाय हा काटा फक्त वजन दाखवतो, बाकी सगळं बंद. गणित फोनमध्येच होऊ शकतं, ते सर्व्हरवर न्यायची काहीच गरज नाही. आणि आरोग्याची माहिती कुठे जाते ही भीती उगाच नाही, पाळीची नोंद ठेवणाऱ्या फ्लो अ‍ॅपवर माहिती फेसबुक आणि गुगलसारख्यांकडे दिल्याचा ठपका अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, ठेवला होता आणि २०२१ मध्ये त्यावर तडजोड झाली.

सर्व्हरशी बांधलेल्या वस्तूचा अजून एक धोका आहे. नोकियाने विदिंग्ज या स्मार्ट काटे बनवणाऱ्या कंपनीचा धंदा घेतल्यावर त्यांच्या बॉडी कार्डिओ काट्यातलं पल्स वेव्ह व्हेलॉसिटी (रक्तवाहिन्यांतून नाडीची लाट किती वेगाने जाते ते) हे फीचर जानेवारी २०१८ मध्ये अपडेट पाठवून बंद केलं होतं, कारण त्याला वेगळ्या प्रकारची सरकारी मान्यता लागू शकते असं लक्षात आलं. त्यांनी पैसे परत द्यायची तयारी दाखवली, ते चांगलंच केलं. पण ज्यांनी तेवढ्यासाठीच तो काटा घेतला होता त्यांच्या घरात पडलेल्या वस्तूतून एक गोष्ट लांबून काढून घेतली गेली हेही खरं.

माझ्या काट्याच्या कंपनीला मी मेल केला, तुमचं फॅटचं सूत्र कुठल्या लोकांवर तपासलंय, कुठल्या वयाचे, आणि त्यात किती टक्के चूक धरायची? उत्तर आलं, अल्गोरिदम ही आमची खाजगी मालमत्ता आहे. सूत्र नका देऊ, मी मागितलंच नव्हतं, पण चूक किती धरायची हे सांगण्यात कुठलं गुपित फुटतं? थर्मामीटरवर किती अंशाची चूक होऊ शकते ते छापतात ना.

एवढं सगळं लिहूनही काटा मी ठेवलाय. वजनाला पाचपैकी साडेचार, बाटलीवाल्या प्रकाराचा अर्धा कापून. फॅटच्या कलाला, म्हणजे महिन्याच्या रेषेला, अडीच. हाडं, प्रोटीन, मेटाबॉलिक एज या सगळ्याला शून्य, आणि अ‍ॅपला एक. ज्यांना फक्त वजन बघायचंय त्यांनी साधा, बिनअ‍ॅपचा डिजिटल काटा घ्यावा, आत तेच लोड सेल असतात. घरात कुणाला पेसमेकर असेल तर हा करंटवाला काटा त्यांनी वापरायचा नाही, ही सूचना मॅन्युअलच्या आतल्या पानावर बारीक टाइपात आहे, गरोदर बायकांसाठीची पण तिथेच. खरं तर ती काचेवर लिहायला हवी होती, कारण पाहुणे आले की कुणीही सहज पाय ठेवतं आणि मॅन्युअल कुणी वाचत नाही. मी माझ्या काट्यावर मार्करने लिहून ठेवलंय, तुमच्याकडे असा काटा असेल तर तुम्हीही आजच लिहा.