कातडी लावायची की फ्लॅप करायची?

आमच्या नानांच्या नाकपुडीच्या वर तीन वर्षं एक फोड होता. खपली धरायची, तोंड पुसताना गमजा लागला की निघायची, रक्त यायचं, परत धरायची. सेलूकडचं शेत, दिवसभर डोक्यावर ऊन. कुणी मनावर घेतलं नाही. एका दवाखान्यात ती जागा मशीनने जाळली, पण तुकडा तपासायला पाठवला नाही. आठ महिन्यांत शेजारूनच परत वर आलं. मग बायोप्सी झाली आणि बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर, असा रिपोर्ट हाती आला.

त्याआधी मामांच्या पोटरीवर, लहानपणी भाजल्याच्या वणात, न भरणारी जखम झाली होती. ती स्क्वॅमस सेल, म्हणजे कातडीच्याच कॅन्सरचा दुसरा प्रकार, निघाली. मामांना मांडीची कातडी लावली, नानांना कपाळाची फ्लॅप केली, म्हणजे कपाळाची कातडी रक्तपुरवठ्यासकट वळवून नाकावर बसवली. दोघांच्याही उशाशी मी होतो, म्हणून ज्यांना आता ठरवायचंय त्यांच्यासाठी लिहितोय.

डॉक्टरांसमोर बसल्यावर मीही पहिल्यांदा हेच विचारलं होतं, की तोंड कसं दिसेल. खरा पहिला प्रश्न कडांचा आहे. गाठीभोवतीची चांगली कातडीही काढावी लागते. स्पष्ट कडांच्या लहान बेसल सेलला साधारण 4 मिलिमीटर, स्क्वॅमसला 4 ते 6 किंवा जास्त, आणि मेलानोमाला (काळ्या डागासारखा कातडीचा तिसरा कॅन्सर) त्याच्या जाडीप्रमाणे 1 ते 2 सेंटिमीटर. म्हणून हरभऱ्याएवढ्या गाठीचा खड्डा बोराएवढा होतो. मोज पद्धतीत एकेक थर काढून तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. परत उलटलेल्या गाठीला आणि नाकासारख्या जागेला ती उत्तम, पण ही सोय फार थोड्या ठिकाणी आहे. ती नसेल तर ऑपरेशन चालू असताना फ्रोझन सेक्शन, म्हणजे तुकडा गोठवून लगेच तपासणं, करता येतं, किंवा जखम ड्रेसिंगखाली ठेवून रिपोर्ट येईपर्यंत थांबता येतं.

नाना आठ दिवस उघड्या जखमेवर पट्टी घेऊन राहिले. घरात भांडणं झाली, "एकदाच उरकून का टाकत नाहीत?" म्हणून. पण कडा रोगापासून मोकळी नसताना वर फ्लॅप बसवली तर खाली राहिलेला रोग झाकला जातो, आणि कपाळाची चांगली कातडीही खर्ची पडते. उलटलेल्या गाठीला मी तरी थांबाच म्हणेन.

आता कातडी लावण्याचं. मांडीवरून पातळ थर घेतात. चेहऱ्यासाठी बहुतेक वेळा कानामागची किंवा गळ्याच्या हाडावरची पूर्ण जाडीची कातडी घेतात. काम एका बैठकीत होतं. पण या कातडीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, ती खालच्या मांसावर जगते. उघड्या हाडावर किंवा कूर्चेवर ती धरत नाही. म्हणून पाचेक दिवस पट्टी हलवायची नाही, पाय लोंबता ठेवायचा नाही. मामा म्हणायचे, पोटरीपेक्षा मांडीच जास्त झोंबते. ती दोनेक आठवड्यांत भरली. पोटरीवर आज रंग वेगळा आहे, जागा खोलगट आहे, पण धोतराखाली कुणाला दिसतंय? शिवाय पातळ कातडीखाली रोग परत आला तर लवकर नजरेस येतो. रोग पसरून जांघेत गाठी आल्या का, हेही मामांच्या दर तपासणीला चाचपतात. स्क्वॅमसमध्ये ते चुकवू नका.

फ्लॅप आपला रक्तपुरवठा सोबत घेऊन येते. रंग जुळतो, जाडी जुळते, कूर्चा उघडी असली तरी चालतं. कपाळाच्या कातडीने नाक घडवणं ही आपल्याच मुलखातली विद्या आहे. पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक असं घडवल्याची हकीकत 1794 मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आली आणि तिथल्या डॉक्टरांनी ती उचलली.

पण तीन आठवड्यांचं बोला. भुवईपासून नाकापर्यंत कातडीचा जिवंत पूल लोंबत असतो, त्यातून पाझरतं, चष्मा बसत नाही. नातू आजोबांजवळ जाईना. नाना आरशावर टॉवेल टाकायचे. तिसऱ्या आठवड्यानंतर पूल कापला. आज कपाळावर उभी रेघ आहे, नाक नाकासारखं आहे, आणि नाना लग्नाकार्यात पहिल्या पंगतीला बसतात. जमत असेल तर नाकाच्या खोल जखमेला माझं मत फ्लॅपलाच आहे.

मात्र दुसऱ्यांदा ऑपरेशनला येणं ज्यांना होणारच नाही, वय फार आहे, साखर आटोक्यात नाही, त्यांनी कातडी लावण्याचं विचारावं. तंबाखू, बिडी दोन्हीत घात करते. आठवडे आधी सोडा. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातली लहान जखम कधी नुसत्या ड्रेसिंगनेही छान भरते. ऑपरेशन झेपणारच नसेल तर रेडिएशन आहे.

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत उपचार होतात. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आधी बघा. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. धाराशिवकडच्यांना बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय जवळ पडतं. कुठेही गेलात तरी प्लास्टिक सर्जन तिथेच आहेत का, आणि पूल कापायची तारीख पेरणीत येते का, हे भरती होण्याआधी विचारा. आमची मृगातच आली होती. पेरणी शेजाऱ्यांनी केली.