गिनी गवत : खानापूर तालुक्यातील नऊ महिन्यांचा अनुभव

मृगाच्या पावसावर आमच्या तांबड्या, उताराच्या जमिनीत गिनी गवताचे ठोंब लावले, त्याला आता नऊ महिने होत आले. गवताबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती बेण्याबद्दल. ‘सगळे गिनीच आहे’ असे सांगून दिलेल्या मोळीत पॅरा गवताचे तुकडे मिसळलेले होते. दोन्ही गवते मूळची आफ्रिकेतली (पॅरा हे नाव तेवढे ब्राझीलच्या एका प्रांताचे), आणि कोवळेपणी मला तरी त्यांत फरक दिसला नाही.

श्रावणापर्यंत तो उघड झाला. गिनी एकाच जागी दाट बेट करून सरळ वाढते. पॅराच्या कांड्या जमिनीवर लोळतात आणि जिथे पेर टेकेल तिथे मुळे धरतात. पेरावर पांढरी लव दिसली की पॅरा समजावे, असे शेजारच्या काकांनी सांगितले होते. परंतु तशी लव गिनीच्या काही ठोंबांवरही असते, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. खरी खूण तुऱ्यात आहे. गिनीचा तुरा मोकळा व पसरट असून त्याच्या सर्वांत खालच्या फांद्या दांड्याच्या एकाच ठिकाणाहून चक्राकार फुटतात, तर पॅराच्या तुऱ्यातील आखूड फांद्यांवर दाणे एकाच बाजूला दाटीने बसलेले असतात. गिनीचा दाणा नखाने सोलून भिंगाखाली धरला, तेव्हा आतल्या टणक कवचावर बारीक आडव्या सुरकुत्या स्पष्ट दिसल्या.

उरलेला निवाडा जागेने केला. ओढ्याकाठच्या पट्टीत पाणी साचून गिनीचे ठोंब कुजले आणि ती जागा पॅराने व्यापली. उलट आंब्यांच्या सावलीत, जिथे कडवळ कधी धड आले नाही, तिथे गिनी उत्तम वाढले. पहिली कापणी अडीच महिन्यांनी केली, पुढच्या सुमारे ४५ दिवसांच्या अंतराने, बुडखा वीतभर राखून. एकदा कापणी लांबली तेव्हा म्हशींनी पाने खाऊन दांडे गव्हाणीतच ठेवले. बी धरण्याचा प्रयत्न मात्र फसला, कारण दाणे एकसारखे पिकत नाहीत आणि पिकताच गळतात. तेच बी आता बांधावर उगवू लागले आहे.

झाशीच्या चारा संशोधन संस्थेचे प्रादेशिक केंद्र धारवाडला आहे. पुढचे बेणे तिथे चौकशी करूनच घेईन. ओढ्याकाठचे पॅरा काढणार नाही, त्या चिखलात दुसरे काही टिकत नाही. पात्रात उतरू पाहणाऱ्या त्याच्या कांड्या तेवढ्या दर पंधरवड्याला कापून दावणीला टाकतो.