भाकरी-उसळ की इसबगोल? वजन जास्त आणि जेवणानंतरची साखर चढती असेल तर

डॉक्टरांनी ‘तंतुमय पदार्थ वाढवा’ म्हटलं की बेळगाव-निपाणीकडे दोन वाटा समोर येतात: ताटातली ज्वारी-कडधान्यं, नाहीतर मेडिकलमधला इसबगोल. आमचा कौल ताटाला, पण ज्वारीबद्दलचा एक गैरसमज आधी काढायला हवा.

५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत सुमारे ५ ग्रॅम तंतू असतात. तेवढ्याच तांदळाच्या भातात दीड ग्रॅमही नाहीत. खानापूरकडच्या भात खाणाऱ्यांना हा फरक मोठा आहे. मात्र ज्वारीतले बहुतेक तंतू पाण्यात न विरघळणारे. पोट साफ व्हायला ते उपयोगी, साखरेला ते फारसे अडवत नाहीत. शिवाय भाकरीमागे ३४ ग्रॅम कर्बोदकं येतातच. तीन खाल्ल्या की शंभरी गाठली. ‘ज्वारीच आहे, कितीही चालते’ इथेच साखर हाताबाहेर जाते.

म्हणून भाकरी एक, मटकीची किंवा हुलग्याची घट्ट उसळ मोठी वाटीभर. कच्ची मेथी, कांदापात, काकडी आधी खा, भाकरी नंतर. हुलग्याचा नुसता कट पिऊन भागत नाही, तंतू दाण्यात राहतात. नाचणीची पातळ आंबीलही भाकरीची जागा घेत नाही: बारीक पीठ शिजून सैल झालं की झटकन पचतं.

इसबगोल पाण्यात फुगून बुळबुळीत होतो आणि पोटातलं अन्न सावकाश पुढे सरकू देतो, त्यामुळे साखर हळू चढते. ५ ग्रॅम इसबगोल जेवणाआधी २५० मिली पाण्यात ढवळून घट्ट व्हायच्या आत प्यायचा. कोरडा खाल्ला तर घशात अडकतो, पाणी कमी पडलं तर बद्धकोष्ठ वाढतं. स्वादाच्या पुडीत साखर असू शकते, लेबल वाचा. इतर औषधांपासून निदान दोन तासांचं अंतर ठेवा; थायरॉइडच्या गोळीचं डॉक्टरांना विचारा. गिळायला त्रास होत असेल किंवा आतड्यात अडथळा असेल तर घेऊच नका.

रोज बाहेर जेवणाऱ्याला इसबगोल सोयीचा. पण कडधान्यातली प्रथिनं त्यात नाहीत, आणि वजन उतरवताना भूक आवरायला तीच कामाला येतात.

काहीही निवडा, प्रमाण दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा; एकदम वाढवलं की गॅस होतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर भाकऱ्या कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा, साखर एकदम उतरू शकते. पहिल्या घासापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर तपासा. आकडा वारंवार १८० च्या वर येत असेल तर इसबगोल दुप्पट करू नका. भाकरी अर्धी करा आणि नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जा.