रामिप्रिल की टेल्मिसार्टन? आधी खोकला ऐका

रामबागेतल्या शेजारणींनी आमच्या आत्याला खोकल्यावर सुचवलेले उपाय लिहायला वही लागली असती. अडुळसा, ज्येष्ठमध, हळद-दूध आणि "आधी ती शेव बंद करा." इंदुरात पोह्यांवरची शेव बंद! खोकला कोरडा, कफ नाही, ताप नाही, नुसती घशात खवखव. एक्स-रे झाला, सिरपच्या दोन बाटल्या संपल्या. दीड महिन्यापूर्वी सुरू झालेल्या रामिप्रिलवर कुणाचा संशयच गेला नाही. गोळी हृदयाची, तिचा घशाशी काय संबंध?

संबंध सरळ आहे. नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेल्या गोळ्या जे एन्झाइम अडवतात, तेच एन्झाइम शरीरातलं ब्रॅडिकायनिन नावाचं रसायन मोडत असतं. ते साचलं की श्वासनलिका हुळहुळी होते. (या औषधांचं मूळ ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषात सापडलं, हे आत्याला अजून सांगितलेलं नाही.) टेल्मिसार्टनसारख्या 'सार्टन' गोळ्या त्या एन्झाइमच्या वाटेला जात नाहीत. त्या एन्झाइममुळे तयार होणारं, बीपी वाढवणारं अँजिओटेन्सिन जिथे जाऊन बसतं, ती जागाच त्या अडवतात, म्हणून त्यांनी खोकला क्वचितच होतो.

मग गुणाला कोण सरस? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या 'ऑनटार्गेट' चाचणीत २५ हजारांहून जास्त रुग्ण होते. हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरे टाळण्यात दोन्ही गोळ्या बरोबरीच्या ठरल्या. खोकल्यापायी रामिप्रिल सोडणारे ४.२ टक्के, टेल्मिसार्टन सोडणारे १.१. बीपी फार उतरून त्रास झाला म्हणून सोडणारे मात्र टेल्मिसार्टनचे जास्त: २.६ टक्के, रामिप्रिलचे १.७. यातली मेख अशी, की ज्यांना 'प्रिल' सोसतच नाही त्यांना या चाचणीत आधीच घेतलं नव्हतं. रोजच्या व्यवहारात खोकल्याचं प्रमाण यापेक्षा जास्त दिसतं, बायकांमध्ये तर आणखी. दोन्ही गोळ्या एकदम देऊनही पाहिलं. फायदा वाढला नाही, किडनीचा त्रास वाढला.

ओठ, जीभ किंवा चेहरा सुजणं दुर्मीळ, पण 'प्रिल'मध्ये जास्त. तसं झालं तर वाट न बघता थेट हॉस्पिटल, आणि पुन्हा कुठलीच 'प्रिल' नाही.

बाकी बाबतींत दोघी सख्ख्या बहिणी. दोन्हींनी पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून गोळी सुरू केल्यावर आठ-पंधरा दिवसांत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासतात. 'कमी सोडियम'वालं मीठ आणू नका, त्यात बहुधा पोटॅशियमच असतं. गुडघेदुखीवर मनाने आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेणं किडनीला महागात पडतं. मे महिन्यात जुलाब-उलट्या लागल्या तर त्या दिवसांत गोळी घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात दोन्ही वर्ज्य.

माझं मत विचाराल तर 'प्रिल' सोसत असेल तर बदलायचं कारण नाही, विशेषतः अटॅकनंतर हृदयाचं पंपिंग कमी झालेल्यांनी. खोकला छळत असेल तर डॉक्टरांना सांगून सार्टन घ्या. मनाने गोळी बंद करून बसू नका. आणि एक तपासून घ्या: आडवं झाल्यावर दम लागतो का, पायावर सूज आहे का? असेल तर खोकला गोळीचा नसून हृदयाचाही असू शकतो.

आत्याला डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, तरी खोकला लगेच गेला नाही. महिनाभर लागू शकतो, कधी तीन महिनेही. त्यात दवा बाजारातून आलेल्या पाकिटावर टेल्मिसार्टनपुढे 'एएम' अशी अक्षरं होती, म्हणजे सोबत अम्लोडिपिन. चिठ्ठीत नुसतं टेल्मिसार्टन होतं, म्हणून पाकीट परत केलं. ते तसंच सुरू झालं असतं आणि पुढे घोटे सुजले असते, तर बोल बिचाऱ्या सार्टनला लागला असता.