मोठी बोट ओढायला घेतलेला डिझेल पिकअप, वर्षभराचा अनुभव

आधीचा पेट्रोल पिकअप कागदावर बोट ओढू शकत होता, पण एका लांब उतारावर ब्रेकचा जळका वास आला तेव्हा कळलं की ओढणं सोपं असतं, थांबवणं अवघड. आता हा हेवी ड्यूटी डिझेल घेतलाय, एक्झॉस्ट ब्रेकवाला (म्हणजे इंजिनाचा धूर अडवून त्याच्याच रोधाने गाडी हळू होते), आणि फरक जमीन-अस्मानाचा आहे, उतारावर ब्रेक फार दाबावाच लागत नाही. घेताना मी पहिल्या वेळी नुसतं बोटीचं वजन बघितलेलं, तसं करू नका. ट्रेलर, इंजिन, अँकर, बॅटऱ्या आणि ३०० लिटर पेट्रोल म्हणजे तेच सव्वादोनशे किलोच्या आसपास, सगळं धरा आणि तरी टो रेटिंगच्या, म्हणजे गाडी जास्तीत जास्त किती वजन ओढू शकते त्या आकड्याच्या, बरंच आत राहा. शिवाय हिचवर, म्हणजे ट्रेलर जिथे ट्रकला जोडतो तिथे, येणारं वजन, एकूणच्या साधारण १० टक्के, ट्रकच्या पेलोडमधून (ट्रक स्वतःवर किती वजन वाहू शकतो त्यातून) वजा होतं, दाराजवळच्या स्टिकरवर आकडा असतो, वर चार माणसं बसली की तो कधी संपतो कळतही नाही. बोट पाण्यात सोडायच्या रॅम्पवर शेवाळात मागची चाकं गरगर फिरली तेव्हा फोर-लोनेच (चारही चाकांना ताकद देणाऱ्या कमी गिअरने) वाचवलं. तक्रार एवढीच की रिकामा चालवताना दणके फार देतो, आणि वळवायला अख्खं मैदान लागतं राव.