त्या भाषणाचा सरळ अर्थ

माझे साडेचार लाख गेले ते एका रविवारी, ठाण्यात तलावपाळीजवळच्या एका हॉलमध्ये ऐकलेल्या, गुंतवणुकीच्या योजनेवरच्या भाषणामुळे. मी नौपाड्यात राहते. शाळेत ३१ वर्षं मराठी शिकवलं, आणि ते पैसे माझ्या निवृत्तीचे होते. हे लिहितेय, कारण तसंच भाषण उद्या घोडबंदरला नाहीतर वाशीत होईल.

वक्ता पन्नाशीचा, साधा पांढरा शर्ट, बोलणं अगदी घरचं. सुरुवात स्वतःच्या आईच्या आजारपणापासून. मग म्हणाला, "बँक तुमचे पैसे वापरते. बिल्डर तुमचे पैसे वापरतो. सरकार तुमचे पैसे वापरतं. मग तुम्ही तुमचे पैसे कधी वापरणार?" प्रत्येक वाक्याला आवाज एकेक पायरी चढत होता. शेवटच्या प्रश्नानंतर तो गप्प राहिला आणि सगळा हॉल मनातल्या मनात "आता!" म्हणाला. आपल्याकडे आवाजाच्या अशा फिरवण्याला काकु म्हणतात. प्रश्न विचारल्यासारखं वाटतं, पण उत्तर आधीच आपल्या तोंडात ठेवलेलं असतं.

मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "साहेब, पैसे नेमके कशात गुंतवता?" वक्ता हसला. "काका, कोकणातले ना तुम्ही? आंब्याचं कलम लावल्यावर मूळ धरलं का, म्हणून रोज उकरून बघता का?" टाळ्या पडल्या. काका खाली बसले. मीही टाळ्या वाजवल्या, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. दृष्टांत दिला की मुद्दा चटकन पटतो, पण तो पुरावा नसतो. काकांना उत्तर मिळालंच नव्हतं.

मग तो म्हणाला, "बँका कशा बुडतात ते मी आज सांगणार नाही, मला कुणाला घाबरवायचं नाही." सांगणार नाही म्हणत भीती मात्र बरोबर पेरली. ॲरिस्टॉटलने तेवीसशे वर्षांपूर्वी मन वळवण्याची तीन साधनं सांगितली: बोलणाऱ्याबद्दलचा विश्वास, ऐकणाऱ्याची भावना आणि युक्तिवाद. त्या दिवशी पहिली दोन भरभरून होती. तिसऱ्याचा पत्ता नव्हता, आणि ते आमच्या ध्यानातच आलं नाही.

आकडा एकच होता: लाखामागे महिन्याला पाच हजार. वर्षाला ६० टक्के, असं तो कधीच म्हणाला नाही. तसं म्हटलं असतं तर शेजारच्या वहिनींनीही बँकेच्या ठेवीचा दर आठवला असता. पहिले दोन महिने पैसे जमा झाले. तिसऱ्या महिन्यात ऑफिसला कुलूप, फोन बंद.

पोलिसांनी जबाब घेताना विचारलं, "नेमकं काय कबूल केलं होतं?" मला भाषण जवळजवळ तोंडपाठ होतं. मी बोलत गेले, ते थांबून ऐकत राहिले आणि कागदावर उतरली ती एक ओळ: लाखामागे पाच हजार.

तेव्हापासून मी एक करते, तुम्हीही करा. दहावीला मुलांना कवितेचा सरळ अर्थ लिहायला सांगायचे, तसा जाहिरातीचा, भाषणाचा, व्हॉट्सॲपवरच्या योजनेचा सरळ अर्थ वहीत लिहा. अलंकार, प्रश्न, आईची गोष्ट, सगळं काढून. त्या भाषणाचा माझा सरळ अर्थ असा निघाला: "पैसे आम्हाला द्या. ते कुठे ठेवणार ते विचारू नका." हे मी हॉलमध्येच पत्रकाच्या मागे लिहिलं असतं तर चेक दिलाच नसता. उरलेल्या ओळीत काही दावा असेल तर सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः ताडून बघा. ठेव घेणाऱ्या संस्थेची खात्री रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर करता येते. पैसे ऑनलाइन गेले असतील तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा.

माझी तक्रार आर्थिक गुन्हे शाखेत आहे, १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. त्यात आरोपीची मालमत्ता जप्त करता येते. त्या रविवारी हॉलमध्ये तुम्ही असाल तर पावती, चेकचा तपशील आणि ते पत्रक घेऊन जा आणि जबाब द्या. मागच्या रांगेतले काका हे वाचत असतील तर त्यांनी जरूर यावं.