उद्यम नंबर आमचा, मोबाइल दुसऱ्याचा

हिंगणा एमआयडीसीत आमचं लहानसं फॅब्रिकेशनचं युनिट आहे. लोखंडी कपाटं, रॅक, दवाखान्याचे पलंग असा माल. इतकी वर्षं दुकानदारांना द्यायचो आणि उधारी वसूल करता करता नाकी नऊ यायचे. नागपुरात सरकारी गिऱ्हाईक तर भरपूर: वेकोलि म्हणजे कोळसा खाणींची सरकारी कंपनी, रेल्वे, अंबाझरीची आयुध निर्माणी, मेडिकल कॉलेज, महापालिका. म्हणून जेमवर उतरायचं ठरवलं. केंद्र सरकारची ही ऑनलाइन खरेदीची बाजारपेठ 2016 पासून सुरू आहे. तिथे लहान उद्योगाचा भाव वधारतो तो उद्यम नंबरामुळे, म्हणजे केंद्र सरकारकडच्या लहान उद्योगाच्या नोंदणीच्या नंबरामुळे. केंद्राच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला किमान 25 टक्के माल सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा असं धोरण आहे, शिवाय बयाणा रक्कम, म्हणजे ईएमडी, माफ. एकेका टेंडरात पैसे अडकून न पडणं म्हणजे काय, हे पगाराच्या दिवशी कळतं.

उद्यम नंबर आमच्याकडे होताच. जुनं उद्योग आधार जाऊन 1 जुलै 2020 पासून उद्यम आलं, तेव्हा लहान भावाने घरी बसून काढला होता. एक रुपया लागला नव्हता. आम्हाला गाठलं ते 'रिन्युअल'च्या नावाखाली.

1 एप्रिल 2025 पासून एमएसएमईच्या, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, मर्यादा वाढल्या. सूक्ष्म उद्योगाची गुंतवणूक 1 कोटीवरून अडीच कोटी, उलाढाल 5 वरून 10 कोटी. बातमी खरी होती, पेपरात आली होती. तिच्याच आडून फोन आला. मुलगी मराठीतच बोलत होती, अगदी अदबीने. "सर, नवीन लिमिटमुळे तुमचं जुनं सर्टिफिकेट इनव्हॅलिड झालंय. रिन्यू नाही केलं तर जेमची आयडी ब्लॉक होते. आज लास्ट डेट आहे सर." युनिटचं नाव, माझं नाव, जीएसटी नंबर, सगळं तिने वाचून दाखवलं. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की धंद्याचं आणि मालकाचं नाव कोणालाही दिसतं, पण फोनवर कोणी ते धडाधड म्हणायला लागलं की सरकारी माणूसच वाटतो ना भाऊ.

लिंक आली. वर तिरंगी पट्टी, नावात 'उद्यम' आणि 'रजिस्ट्रेशन' दोन्ही, फॉर्म हुबेहूब. फक्त शेवटी गव्ह डॉट इन नव्हतं, आणि अगदी तळाशी फिक्या राखाडी अक्षरांत लिहिलं होतं की ही खासगी सल्लागार संस्था आहे. त्या एका ओळीवर हे लोक पोलिसांपुढे हात वर करतात, "आम्ही तर सर्व्हिस चार्ज घेतला." फी 2,999 रुपये. पैसे भरले, मग आधारचा ओटीपी मागितला, मग आणखी एक ओटीपी.

अर्ध्या तासात व्हॉट्सॲपवर सर्टिफिकेट आलं आणि ते अस्सल होतं. क्यूआर कोड स्कॅन केला तर थेट सरकारी साइट उघडली. संशय घ्यायला जागाच राहिली नाही. आठवड्याभरात 'जेम पॅकेज' गळ्यात मारलं, 8,500 ला. त्यात जेमची आयडी आणि वर 'इंटरनॅशनल टेंडर आयडी' म्हणून डन्स नावाचा नऊ आकडी नंबर. हा नंबर खरा असतो, एक परदेशी कंपनी तो देते, पण जेमवर बिड भरायला तो लागत नाही. अमेरिकेच्या सरकारी कंत्राटांना पूर्वी लागायचा. तिथेही 4 एप्रिल 2022 पासून तो बंद झाला, आता त्यांचं सरकार सॅम डॉट गव्ह या साइटवर स्वतःचा बारा अक्षरी नंबर देतं, तोही फुकट. हिंगण्याच्या पलंगाला तो कशाला हवा होता, बाप्पा! त्यांचा एजंट महाटेंडर्ससाठीच्या, म्हणजे राज्य सरकारच्या टेंडर साइटसाठीच्या, डिजिटल सिग्नेचरचं टोकनही "आमच्याच ऑफिसला राहू द्या" म्हणत होता. ते भावाने दिलं नाही.

पलंगांची एक चांगली बिड आली. रेट आम्ही भाऊ-भाऊ बसून काढला, बिड एजंटने टाकली. काही दिवसांनी त्यालाच विचारलं तर म्हणे, "डिसक्वालिफाय झाली सर, होतं असं." कारण सांगेना. शेवटी भावाने जुनं आणि नवं अशी दोन्ही सर्टिफिकेटं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि बोट लावून एकेक ओळ वाचत गेला. नंबर तोच, नाव तेच, पत्ता तोच. पत्त्याखालचा मोबाइल मात्र आमचा नव्हता. ईमेलही नव्हता. त्याच्याही वर मुख्य व्यवसायाच्या रकान्यात 'मॅन्युफॅक्चरिंग' होतं, तिथे 'ट्रेडिंग' झालेलं. खाली एनआयसी कोड, म्हणजे धंद्याचा प्रकार सांगणारा आकडा, फर्निचर बनवण्याचा, 31 ने सुरू होणारा, तो जाऊन घाऊक विक्रीचा, 46 चा.

यातला ट्रेडिंगचा मुद्दा बऱ्याच जणांना माहीत नसतो. व्यापाऱ्यांना 2021 पासून उद्यम नंबर मिळतो, पण बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरताच. ईएमडीची माफी, खरेदीतला राखीव वाटा त्यांना लागू नाही. आम्ही ईएमडीची सूट मागून बिड भरली होती आणि कागद म्हणत होता की आम्ही व्यापारी. खरेदीदाराने खुलासा मागवला होता, तो एजंटच्या ईमेलवर गेला. उत्तर कोण देणार?

मोबाइल त्यांचा असल्यामुळे उद्यमच्या लॉगिनचा ओटीपीही त्यांच्याकडेच जाणार. म्हणजे चूक दुरुस्त करायची तरी त्यांच्याच दारात. फोन लावला तर तीच मुलगी, तीच अदब: "डेटा करेक्शनचे 15,000 होतील सर." पहिले 2,999 म्हणजे नुसतं दार उघडायची किंमत. आमच्याच घराची किल्ली त्यांनी खिशात घातली होती.

हे पैसे आम्ही दिले नाहीत. सिव्हिल लाइन्सला उद्योग भवनात जिल्हा उद्योग केंद्र आहे, तिथे गेलो. तिथल्या बाईंनी दोन्ही कागद पाहिले आणि पहिलाच प्रश्न केला, "ओटीपी कोणाला सांगितला होता?" त्यांनीच सांगितलं की उद्यमला मुदत नसते. दरवर्षी आयटीआर आणि जीएसटीची माहिती अद्ययावत ठेवायची असते, पण ती आपल्याच लॉगिनमधून, विनाशुल्क. सरकारी फॉर्मच्या शेवटी पैसे भरायचं बटण येतच नाही, आणि नोंदणीचं काम कोणत्याही खासगी एजन्सीला दिलेलं नाही. चॅम्पियन्स या एमएसएमई मंत्रालयाच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकून त्यांनी आमचा अर्ज लावून दिला. मोबाइल बदलून मिळायला वेळ गेला, पण मिळाला. त्यानंतर व्यवसाय आणि एनआयसी कोड आम्ही स्वतः नीट केले. जेमवरचा ईमेल बदलायला त्याहून जास्त खटाटोप झाला.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. पैसे निघून बरेच दिवस झाल्याने खात्यात काही गोठवता आलं नाही. फोन त्याच दिवशी करायचा असतो. तक्रारीचा क्रमांक आहे, पैसे नाहीत. गेलेल्या बिडचं तर कुठेच काही होत नाही.

आमच्या लायनीतल्या दोघा-तिघांनी ऐकून आपापली सर्टिफिकेटं काढून पाहिली, त्यात एकाच्या कागदावर अनोळखी मोबाइल निघाला. तुमच्याही कागदावर तसं निघालं तर एजंटला फोन करत बसू नका, तो सावध होतो. पॅन, आधार, जुनं आणि बदललेलं अशी दोन्ही सर्टिफिकेटं, पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपचं बोलणं छापून घेऊन सरळ उद्योग भवनात जा. सकाळीच पोचा, जेवणाच्या सुट्टीनंतर गर्दी फार असते.